नाना, गाडी तुम्ही माझ्याच हातून चालू करून घेतलीत

ती. नानांना,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. मी काही बोलायला लागले की तुम्ही काकूंना चहा टाकायला सांगता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि तेही उघड. दारात मोटरसायकल आहे आणि घरात ती उघडून बघणारं कुणी नाही, अशा सगळ्यांनी ते वाचावं असं मनापासून वाटतं.

गौरी-गणपतीची सुट्टी संपली त्या सकाळी ढेबेवाडीच्या बाजूला म्हैस अडली होती. पशुधन पर्यवेक्षकाच्या नोकरीत अशा फोनला ‘थोड्या वेळानं येते’ हे उत्तर नसतं. बटण दाबलं तर सीटखाली नुसतं टकटकटक, आणि मीटरचे दिवे मलूल. कॉलनीतल्या पोरांनी गल्लीभर ढकलली, तरी गाडी ढिम्म. शेवटी सहकाऱ्याच्या गाडीवर बसून गेले. रेडी सुखरूप झाली, म्हैसही उठली.

दुकानात फोन केला होता. गाडी न बघताच उत्तर मिळालं, ‘बॅटरी गेली, नवीन टाका.’ मी पैसे काढायच्याच तयारीत होते. संध्याकाळी तुम्ही फाटकातून आत आलात, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि त्यात व्होल्ट, करंट मोजायचा मल्टिमीटर. “मोजलीस का?” एवढंच विचारलंत.

एसटीच्या आगारात उभा जन्म बसगाड्यांच्या वायरिंगमध्ये घालवलेला माणूस. तुम्हाला माझी गाडी म्हणजे काय मोठं काम! तुम्ही एकट्यानं ती झटक्यात करून दिली असतीत आणि मी तेवढ्यावरही खूश झाले असते. पण तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि पाना माझ्या हातात दिलात. हे आभार मुख्यतः त्या पान्यासाठी आहेत.

“आधी बांगडी काढ,” हे तुमचं दुसरं वाक्य. मला वाटलं, ग्रीस लागेल म्हणून सांगताय. मग तुम्ही समजावलंत, की सोन्याची बांगडी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर एकदम टेकली, तर एवढ्याशा बॅटरीतूनही इतका करंट वाहतो की बांगडी लाल होते आणि मनगट भाजतं. मायनसची वायर आधी का सोडायची, तेही तेव्हाच कळलं. गाडीची सगळी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, मायनसला जोडलेली. मायनस तसाच ठेवून प्लस सोडायला गेलं आणि पाना चासीला लागला की थेट शॉर्ट. म्हणून सोडताना मायनस पहिला, जोडताना शेवटचा. आता हे माझ्या हातात बसलंय.

मल्टिमीटरवर आकडा आला ११.४ व्होल्ट. आत सहा सेल, प्रत्येकाचे दोन व्होल्टच्या जरा वर, म्हणून भरलेली आणि विसावलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते; १२ म्हणजे जवळपास रिकामी. ढकलून गाडी का लागली नाही, याचंही उत्तर त्यातच होतं. १ एप्रिल २०२० पासूनच्या, बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमात बसणाऱ्या गाड्यांत माझ्या गाडीसारखंच बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आलं. पेट्रोल पुढं ढकलणारा पंप विजेवर, इंजेक्टरला हुकूम देणारा ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, तोही विजेवर. बॅटरीत जीवच नसेल तर इंजिन फिरवून उपयोग नाही, पेट्रोल येणार कुठून? किक तर माझ्या गाडीला कंपनीनंच दिलेली नाही. एवढं साधं कारण आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

टर्मिनलवर, म्हणजे बॅटरीच्या टोकांवर, हिरवट-पांढरी बुरशी धरली होती. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशनं ती घासायला लावलीत. फेस येऊन बुरशी सुटत गेली आणि खालचा धातू चमकला. मग कोरडं पुसून, शेवटी जोडणी झाल्यावर व्हॅसलीनचा हात. झाकण उचकटून पाणी घालू का, असं शेजारच्या पोरानं विचारलं तर तुम्ही त्याला जवळ घेऊन दाखवलंत, की ही सीलबंद आहे, हिच्यात पाणी घालायचं नसतं आणि झाकणही उघडायचं नसतं.

त्याच पोराच्या घरी कारचा चार्जर होता. तोही तुम्ही लावू दिला नाहीत. बॅटरी ५ अँपिअर-अवरची, तर चार्जिंग तिच्या दहाव्या भागानं, म्हणजे अर्ध्या अँपिअरनं. मोठ्या चार्जरचा करंट तिच्यात कोंबला तर ती तापते, फुगते. तुमचा छोटा चार्जर रात्रभर चालला, तो खिडकीजवळ, देवघरातल्या समईपासून लांब. भरताना हायड्रोजन निघू शकतो आणि त्याला एक ठिणगी पुरते. आईला तुम्ही हे इतक्या शांतपणे सांगितलंत की आईनंच समई आणखी आत सरकवली.

इथवर कुणीही चांगला मेकॅनिक आला असता. तुम्ही पुढं गेलात.

चार्जरवरून काढल्या काढल्या दिसणारा आकडा खरा धरू नकोस म्हणालात, तो वरवरचा फुगवटा असतो. काही तास तशीच ठेवून मोजली, १२.७. गाडीला न जोडता आणखी एक रात्र ठेवली तरी उतरली नाही. गाडीला जोडून, चावी बंद करून ठेवली, तर सकाळी आकडा खाली. तुमचा चेहरा खुलला. “बॅटरी शहाणी आहे पोरी, गाडीत कोण तरी चोर आहे.”

चोर पकडायची ती दुपार मी विसरणार नाही. मायनसची केबल सोडून केबल आणि टर्मिनल यांच्या मध्ये मीटर घातला, आधी १० अँपिअरच्या भोकात, मग मिलीअँपिअरच्या. चावी बंद असताना घड्याळ वगैरेला जेमतेम दोन-चार मिलीअँपिअर लागावेत, इथं शंभराच्या आसपास जात होते. तुम्ही वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडलंत: ५ भागिले ०.१, म्हणजे ५० तास. पुरे दोन दिवसांत बॅटरी रिकामी. सुट्टीत गाडी त्याहून जास्त उभी होती.

मग एकेक करून सुटं करत गेलो. हँडलवरच्या मोबाईल चार्जिंगच्या सॉकेटची वायर काढली आणि आकडा धपकन खाली आला. सॉकेट बसवणाऱ्या दुकानानं ते थेट बॅटरीला जोडलेलं, ना फ्यूज, ना चावीशी संबंध. पावसाचं पाणी आत शिरून ते रात्रंदिवस करंट पीत होतं. नवीन बॅटरी टाकली असती तर तीही अशीच संपली असती. आता सॉकेट नवं आहे, चावीच्या लाइनवर आहे आणि त्याला फ्यूज आहे. ते जोडकामही तुम्ही माझ्याकडूनच करून घेतलंत. शेवटी इंजिन चालू करून रेस वाढवून मोजलं, १४.२, म्हणजे गाडी बॅटरी नीट भरतेय.

बॅटरी वाचली ती तुम्ही त्याच संध्याकाळी आलात म्हणून. पार उतरलेल्या अवस्थेत ती महिनाभर पडली असती तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसून ती खरोखरच गेली असती.

आणखी एक आभार राहिलेत. आमच्या जिन्याखाली आधीच्या भाडेकरूची मेलेली बॅटरी पडून होती. भंगारवाला चांगला भाव देत होता. तो ती फोडून आम्ल गटारीत ओततो हे तुम्ही पाहिलेलं. लहान पोरांच्या अंगात बॅटरीतलं शिसं गेलं तर ते मेंदूवर जातं, हे सांगताना तुमचा आवाज चढला. जुनी बॅटरी गोळा करून रीतसर पुनर्चक्रणाला पाठवायची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम २०२२ मध्ये आलेत, विक्रेत्याकडे द्यायची, म्हणालात, आणि स्कूटरच्या पायाशी ठेवून स्वतः नेऊन दिलीत. पैसे आणून आईच्या हातावर ठेवलेत.

परवा आमच्या दवाखान्यातल्या शिपाईमामांची गाडी बंद पडली. मी बांगडी काढली आणि मीटर लावला. टर्मिनलचा स्क्रू ढिला होता, एवढंच. मामांचा खर्च वाचला, आणि मी त्यांना तुमचं नाव सांगितलं.

मी स्वतःचा मीटर घेतलाय. तुमचा डबा रविवारी परत करायला येतेय. इंजिनाची वीज बॅटरीत भरण्याजोगी करणारा रेक्टिफायर कसा तपासायचा ते त्या दिवशी दाखवा, शेजारचं पोरगंही बसेल म्हणतंय. काकूंना सांगा, चहा मी करीन.

तुमची,
समोरच्या घरातली पोरगी
कराड