मागचे ब्रेक समजावून देणाऱ्या मिस्त्रीकाकांना आभाराचं पत्र

मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

नारायणगावचा टोमॅटो नि ओतूरचा कांदा भरून माळशेज घाट उतरणाऱ्या आम्हा जुन्या पिकअपवाल्यांचं हे पत्र. मागचं चाक तापलं की शू (चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबून ब्रेक लावणारे तुकडे) बदला, सिलेंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा) बदला, ड्रम बदला, हेच जिथे तिथे ऐकायला मिळतं. तुम्ही आधी दोष शोधायला शिकवलंत. त्याबद्दल मनापासून आभार. इतरांच्याही कामी यावं म्हणून तुमची पद्धत इथे उघड लिहितो आहोत.

सगळ्यात मोलाची ती निपलची परीक्षा. पुढच्या चाकांना दगड, मागचा भाग घोडीवर (स्टँडवर), हँडब्रेक सोडलेला, गियर न्यूट्रलमध्ये. मग जाम चाकाचं ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा काढायची छोटी तोटी, थोडं ढिलं करायचं. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब लाइनमध्ये अडकलाय. निपल उघडूनही चाक हलत नसेल, तर दोष ड्रमच्या आत किंवा केबलमध्ये: हँडब्रेकची केबल गंजून धरलेली, रिटर्न स्प्रिंगचा ताण गेलेला, नाहीतर शूमागच्या पत्र्याला (बॅक प्लेटला) पडलेल्या खाचेत शू रुतलेला.

दाब अडकला असेल तर निपल आवळून पेडल एकदा दाबायचं आणि मास्टर सिलेंडरवरची (पेडल दाबल्यावर चाकांकडे ऑइल ढकलणाऱ्या मुख्य सिलेंडरवरची) मागची लाइन ढिली करायची. तिथे चाक सुटलं, तर दोष मास्टर सिलेंडरमध्ये किंवा पेडलच्या रॉडला खेळ नाही. नाही सुटलं, तर चासीवरून हौसिंगकडे (मागच्या ॲक्सलच्या आवरणाकडे) येणारा रबरी होज आतून फुगलेला किंवा मधला लोड व्हॉल्व्ह (मालाच्या भाराप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा) अडकलेला. होज बाहेरून अगदी ठणठणीत दिसतो, म्हणूनच बिचाऱ्या शूंवर खापर फुटतं. बहुतेक पिकअपना मागे हा होज एकच असतो, त्यामुळे तो बिघडला की दोन्ही चाकं तापतात. एकच तापत असेल तर आधी तोच ड्रम उघडावा.

पेडलची भाषाही तुम्ही शिकवलीत. पहिल्या दाबाला खाली, दुसऱ्या दाबाला वर: शू ढिले आहेत, ॲडजस्ट करा. स्पंजासारखं लागलं तर हवा. पाय दाबून धरल्यावर हळूहळू बसत गेलं आणि बाहेर गळती कुठेच नाही, तर मास्टर सिलेंडरचे आतले रबरी वॉशर गेलेत.

लायनर (शूवरचा घासला जाणारा थर) ओला दिसला की तुम्ही आधी बोटावर घेऊन वास घ्यायला लावता. ब्रेक ऑइल पातळ, पाण्याने धुऊन जाणारं. गियर ऑइल दाट, गंधकासारख्या उग्र वासाचं. ब्रेक ऑइल असेल तर व्हील सिलेंडर. गियर ऑइल असेल तर ॲक्सलचं सील, पण सील बदलण्याआधी हौसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा सोडणारं छिद्र) साफ करायचा. तो चिखलाने बुजला की गरम हौसिंगमधला दाब सीलवाटेच बाहेर पडतो आणि नवं सीलही गळायला लागतं. तेल प्यायलेला लायनर घासून किंवा जाळून वाचवायचा नाही. दोन्ही बाजूंचे मिळून चारही शू बदलायचे.

सिलेंडरचे वॉशर डिझेल-पेट्रोलमध्ये बुडवायला तुमच्याकडे सक्त मनाई, कारण रबर फुगतं आणि पिस्टन अडकतो. धुवायचे ते ब्रेक ऑइलनेच. ऑइल दर 2 वर्षांनी बदलायचं हेही आता पटलंय. डॉट 3 दर्जाचं ब्रेक ऑइल कोरं असताना 205 अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर 140 अंशांच्या आसपास. घाटात पेडल अचानक मऊ पडण्याचं हे एक कारण आहे.

एका वेळी एकच बाजू उघडायची, म्हणजे स्प्रिंगा कशा बसवायच्या ते दुसऱ्या बाजूला बघता येतं. स्टार व्हीलचे (शू ड्रमच्या जवळ-लांब करणाऱ्या दातेरी चाकाचे) डावे-उजवे ॲडजस्टर आपसात बदलायचे नाहीत, त्यांचे आटे उलटे असतात. ड्रम लेथवर देताना त्यावर कोरलेला कमाल व्यास ओलांडू द्यायचा नाही.

आणि तो स्प्रिंगचा जादा पाटा! माल जास्त बसावा म्हणून घातलेल्या पाट्याने बॉडी उचलून राहते. लोड व्हॉल्व्हचा रॉड हौसिंग आणि बॉडीमधलं अंतर मोजतो, म्हणून गाडी भरलेली असूनही त्याला रिकामीच वाटते, आणि तो मागचा दाब कमी करतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. अशा गाडीला कितीही नवे शू घातले तरी ब्रेक लागत नाहीत, हे तुमच्याआधी आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुमच्या गॅरेजात ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवत नाहीत, पाणी मारून भिजवून पुसतात. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. शिकायला आलेल्या पोरांच्या छातीची एवढी काळजी घेता, त्याबद्दल वेगळे आभार.

आपले,
माळशेज घाटातून ये-जा करणारे पिकअपवाले