आई, म्युनिकच्या त्या सहा तासांचं टेन्शन घेऊ नकोस

गोथेनबर्ग, रविवार रात्र

प्रिय आई आणि बाबा,

परवा तुमच्या इकडं स्वीडनला यायच्या तिकिटाचं, वाटेत जर्मनीत म्युनिकला विमान बदलायचं असं सांगितलं तेव्हा आई तू एकदम गप्प झालीस आणि मग म्हणालीस, सहा तास त्या एअरपोर्टवर बसून काय करायचं गं. ते माझ्या डोक्यातून जाईना. फोनवर आवाजही तुटत होता म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय, बाबा तुम्ही तिला वाचून दाखवा आणि प्रिंट काढून पिशवीत ठेवा.

ते सहा तास मी मुद्दाम घेतलेत. दीड तासाचं कनेक्शन पण होतं की, पण मुंबईचं विमान जरा लेट झालं तर तुम्ही दोघं बाबांच्या गुडघ्यासकट गेट शोधत पळणार, ते मला बघवलं नसतं. आणि दुसरं कारण म्हणजे फ्रायझिंग. म्युनिकचा एअरपोर्ट म्युनिकपासून बराच लांब आहे, गावात जायलाच पाऊण तास लागतो, पण फ्रायझिंग नावाचं छोटं गाव तिथून बसनं फक्त वीसेक मिनिटांवर आहे. ६३५ नंबरची बस, टर्मिनलच्या बाहेरूनच सुटते. गेल्या महिन्यात शिकागोहून परत येताना मला तिथं सात तास मिळाले होते, तेव्हा मी जाऊन आले, आणि तिथं फिरताना सारखं वाटत होतं की हे आईला दाखवायला पाहिजे.

आता बाबांचा प्रश्न, बाहेर सोडतील का. सोडतात. तुमचा व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा आहे, म्हणून युरोपात शिरतानाची पासपोर्टची तपासणी म्युनिकलाच होणार, आणि एकदा ती झाली की पुढचं गोथेनबर्गचं विमान देशातल्या देशात असल्यासारखं, परत इमिग्रेशन नाही. म्हणून मधल्या वेळात बाहेर जाऊन यायला कुणाची परवानगी लागत नाही. रांगेत एखादा तास जाईल, माझं निमंत्रणाचं पत्र आणि परतीचं तिकीट हातात ठेवा. मोठ्या बॅगा मुंबईत दिल्या की थेट इथं येणार, काउंटरवर टॅगवर गोथेनबर्ग लिहिलंय ना तेवढं बघून घ्या. हातातली बॅग जड वाटली तर एअरपोर्टवर पैसे भरून ठेवायची सोय आहे.

आई, तुला कुर्डुवाडी आठवते का? मिरजेला मामाकडे जाताना आपण तिथं उतरायचो आणि त्या छोट्या गाडीची वाट बघत किती तास काढायचो. बाबा मला आणि दादाला घेऊन स्टेशनबाहेर जायचे, भजी खायची, बाजारात चक्कर मारायची, इंजिन बघायचं. तू मात्र ट्रंक, वळकटी आणि पाण्याची बाटली घेऊन तिथंच बसलेली असायचीस, कारण सामान कोण बघणार. कुर्डुवाडी आम्हाला पाठ आहे आणि तू ती कधी बघितलीच नाहीस. फ्रायझिंगच्या बसमध्ये बसल्यावर मला एकदम हेच आठवलं आणि डोळ्यात पाणी आलं. या वेळी सामान आपोआप पुढं जाणारे, तू बाबांच्या बरोबर जायचंस.

काय बघायचं ते सांगते. बस स्टेशनपाशी सोडते, तिथून चालत गावात, आणि वर डोमबेर्ग नावाच्या टेकडीवर जुनं कॅथेड्रल आहे. चढ आहे पण अवघड नाही, थांबत थांबत जा. बाहेरून साधं पांढरं, आत गेलात की वरपासून खालपर्यंत गुलाबी-पांढरी नक्षी आणि छतभर चित्रं, आसाम नावाच्या दोन भावांनी १७२४ च्या सुमारास केलेलं काम. आपलं आसाम नाही, त्यांचं आडनाव आहे! पण मला त्याहून आवडलं ते खालचं तळघर. बाराव्या शतकातलं, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या काळातलं, दगडी खांबांचं. त्यात एक खांब असा आहे की सगळीकडून माणसं आणि अजगरासारखे राक्षसी प्राणी एकमेकांशी झुंजताहेत, काहींना तर गिळायलेत. मी तिथं अर्धा तास नुसती उभी होते. गार, शांत, सिद्धेश्वरच्या गाभाऱ्यात पहाटे वाटतं ना तसंच काहीतरी.

तिथंच त्यांच्या संत कॉर्बिनियनची समाधी आहे. त्यांची गोष्ट बाबांना आवडेल. रोमला जाताना वाटेत अस्वलानं त्यांचा सामान वाहणारा घोडा मारला, तर त्यांनी ते सामान अस्वलाच्याच पाठीवर लादलं आणि रोमला पोचल्यावर त्याला सोडून दिलं. गावाच्या चिन्हावर ते अस्वल आहे, पाठीवर गाठोडं घेतलेलं.

दुसऱ्या टेकडीवर वाइहेनस्टेफान, तिथं १०४० पासून बिअर बनते असं ते सांगतात, आपल्याला त्याचं काही नाही, पण शेजारी शेतकी विद्यापीठाच्या बागा आहेत, मे महिन्यात फुलांनी भरलेल्या असतात आणि आई तू तिथून हलणार नाहीस म्हणून ते शेवटी ठेवा, आणि गुडघा दुखत असेल तर सोडूनच द्या. खायला बेकरीतून बटर लावलेलं ब्रेझेल, म्हणजे पीळ दिलेला खारट पाव घ्या, त्यात मांस नसतं, पण पिठात प्राण्याची चरबी नाही ना तेवढं विचारून घ्या, आणि बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी असेलच. तुम्ही शनिवारी पोचताय ते बरंय, रविवारी दुकानं बंद असतात.

वेळ मात्र बाबा तुम्ही सांभाळा. पुढच्या विमानाच्या दोन तास आधी एअरपोर्टवर परत, म्हणजे गावात दोन-सव्वादोन तास मिळतात, तेवढे पुष्कळ. घड्याळ उतरल्यावर साडेतीन तास मागं करा. स्वेटर हातातल्या बॅगेत ठेवा, सोलापुरात मेमध्ये अंग भाजतं पण तिथं सकाळी चांगलीच थंडी असते.

आणि आई, पेढे आणि तूप आणू नकोस, बाहेरच्या देशातलं दुधाचं काही इकडं आणू देत नाहीत, कढीपत्ता पण नको. चटणी आण, दोन किलो आण, आणि एक चादर, ती निळी चौकटीची.

कॅथेड्रलच्या अंगणात बसून मला फोन लावा. व्हिडिओ कॉल करा आणि आईच्या हातात फोन द्या.

तुमची,
बेबी

ता.क. दादाला सांगा, बाबांचे चालायचे नवे बूट आत्तापासूनच घालायला लावा, नाहीतर टेकडीवर चावतील.