उचल

कुणकेश्वर, ता. देवगड
8 एप्रिल

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल त्या नोकरीबद्दल फोनवर म्हणालीस, "बाबा, सही करून टाकते. परत असं नाही मिळालं तर?" गडी आंबे उतरवायची घळ घेऊन उभे होते, धड बोलता आलं नाही. म्हणून आता लिहितोय.

दोन वर्षांचा बाँड आणि सही करताच हातात पन्नास हजार. मनू, आपल्याकडे याला उचल म्हणतात. पावसाळ्यात घरात पैसा नसायचा, खत घालायचं असायचं, गणपती तोंडावर. दलाल उचल द्यायचा. माणूस वाईट नव्हता हो, पण पैसे घेतले त्याच दिवशी पुढच्या हंगामाचा आंबा त्याचा व्हायचा. भाव कळायचा पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आल्यावर.

आजोबांबरोबर एकदा वाशीच्या घाऊक बाजारात गेलो होतो. रुमालाखाली दोघांचे हात, बोटांची चाळवाचाळव, झाला सौदा. माल माझा, उभा मी तिथेच, आणि भाव मला ठाऊक नाही. विचारायचीही लाज वाटली.

2016 साली फळं-भाजी बाजार समितीच्या नियमनातून सुटली. बाहेर विकायला कोणाची आडकाठी नव्हती. तरी चार वर्षं मी हललो नाही. डोक्यावर उचल होती ना!

2020 च्या लॉकडाऊनने हलवलं. मार्केट कधी उघडं, कधी बंद, आणि चौदा आण्याला, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार झाल्यावर, उतरवलेला आंबा कोणासाठी थांबत नाही. तुझ्या मामेभावाने ठाण्याच्या सोसायट्यांत नंबर दिला. फोन यायचे, "पेटी केवढ्याला?" मी दर सांगायचो आणि समोरचं माणूस बोलायच्या आत मीच शंभर कमी करायचो. शेवटी तुझ्या आईने फोन काढून घेतला. ती दर सांगायची आणि गप्प बसायची. बस्स, एवढंच. ते गप्प बसणं मला अजून जमत नाही.

पुढच्या हंगामाआधी दलालाला सांगितलं, उचल नको, माल निम्माच देईन, भाव त्याच दिवशी कळवायचा. रागावला. दोन दिवस फोन नाही, मग कबूल झाला. मीही शब्दाने दुखावलं नव्हतं, ते बरं झालं. कारण त्याच मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. पडलेला आंबा सोसायटीवाले कशाला घेतील? कॅनिंगसाठी गाडी त्यानेच पाठवली.

तर आधी हे बघ, त्या पन्नास हजारांची तुला आत्ता गरज आहे का? नसेल तर ते न घेता बाँड वर्षावर येतो का विचार. मधेच सोडलं तर किती भरायचं, ते लेखी माग. गुरुवारची दुसरी मुलाखत देऊन ये आणि यांच्याकडे सोमवारपर्यंत मुदत माग. मात्र हातात नसलेली नोकरी आहे म्हणून सांगू नको. मी एकदा "दुसरं गिऱ्हाईक आहे" अशी थाप मारली. समोरचा म्हणाला, "मग द्या त्याला." तीस पेट्या ओटीवर पिकल्या. आठवडाभर घरात आमरस आणि आईचं तोंड, दोन्ही पुरून उरलं!

आई मागून सांगत्येय, "चेडवाक सांगा, घाई करू नको म्हणान."

रात्रीच्या ट्रॅव्हल्सने दोन डझनांची पेटी पाठवतोय. पहाटे स्वारगेटला उतरवून घे. गवतातच ठेव, फ्रिजमध्ये नको. घरमालकीणबाईंना चार दे, भाडं वाढवायचं म्हणत होत्या ना त्या?

तुझे,
बाबा