उत्तीर्ण झालेले विषय जमा धरा

महोदय,

बी.ए. किंवा बी.कॉम.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत पोहोचून तिथेच थांबलेली माणसे सोलापुरात गल्लोगल्ली भेटतात. घरचे यंत्रमाग बंद पडले, लग्न ठरले, पुण्यात नोकरी लागली, अशी कारणे निरनिराळी असली तरी उत्तीर्ण सेमिस्टरच्या गुणपत्रिका प्रत्येकाने जपून ठेवलेल्या असतात. महाविद्यालयाच्या कार्यालयात मी आयुष्याची नोकरी केली असल्याने ‘राहिलेली पदवी आता पूर्ण करता येईल का?’ हा प्रश्न निवृत्तीनंतरही माझा पाठलाग सोडत नाही.

गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब पाहणाऱ्या महिलेचे उदाहरण देतो. चार सेमिस्टरचे सर्व विषय सुटलेले, पाचव्यातील एक राहिलेला आणि सहावे सेमिस्टर दिलेलेच नाही, अशी तिची स्थिती आहे. चौकशीला गेली असता, अभ्यासक्रम बदलला आहे, पहिल्या वर्षाला नव्याने प्रवेश घ्या, एवढेच उत्तर तिला खिडकीवर मिळाले. म्हणजे उत्तीर्ण झालेल्या विषयांची पुन्हा परीक्षा, तीन वर्षांचे शुल्क आणि प्रत्येक पेपरला बुडणारा रोज. शुल्काची तजवीज कशीबशी होते. बुडालेला रोज कोण भरून देणार?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू केली, ती शिक्षण मध्येच थांबले तरी मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे उत्तीर्ण विषयांबद्दल जमा होणारे अंक) वाया जाऊ नयेत म्हणूनच. तीन वर्षांच्या पदवीला साधारण १२० श्रेयांक लागतात आणि बँकेत जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहतात. परंतु बँकेच्या विनियमांनुसार (नियमावलीनुसार) २०२१-२२ पासूनचेच श्रेयांक तिथे जमा होतात, त्यामुळे त्याआधी शिक्षण सोडलेल्यांना या बँकेचे दार बंदच आहे. दुसरी अट अशी की, पदवीसाठी लागणारे किमान निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवलेले असावेत. दोन तृतीयांश शिक्षण इथे झालेला विद्यार्थी उरलेल्या एका वर्षासाठी दुसरीकडे गेला, तर ही अट त्याला आडवी येते. म्हणून माझ्या मते अशांसाठी सर्वांत जवळचा आणि स्वस्त मार्ग त्यांच्या मूळ विद्यापीठातूनच जातो, आणि तो मोकळा करणे विद्यापीठाच्याच हाती आहे.

हा मार्ग मोकळा नसल्यानेच ‘एका वर्षात पदवी’ अशा जाहिरातींचे फावते. आयोगाच्या २०२५ च्या विनियमांत पदवी लवकर पूर्ण करण्याची सवलत आहे खरी, पण तीन वर्षांच्या पदवीत तिने फार तर एक सेमिस्टर वाचते, आणि तीही महाविद्यालयात नियमित शिकणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांसाठी आहे. बाकी सारी घाई ही पैसे उकळण्याची. मुक्त विद्यापीठाची मान्यताप्राप्त पदवी नियमित पदवीच्या तोडीची धरली जाते, तेव्हा नव्याने सुरुवात करण्यावाचून गत्यंतर नसलेल्यांनी एजंटाकडे न जाता तिकडे जावे.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाला माझी विनंती अशी आहे की, जुन्या अभ्यासक्रमातील कोणता विषय नव्यातील कोणत्या विषयाला समकक्ष आहे याचा तक्ता जाहीर करावा आणि नोंदणीची मुदत संपलेल्यांना परीक्षेची विशेष संधी द्यावी. जे विषय नव्याने घ्यावेच लागतील, त्यांतील शक्य तेवढे ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरून करू द्यावेत. तिथे अभ्यासक्रम विनामूल्य असतो, केवळ परीक्षेचे शुल्क भरावे लागते, आणि एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्यातून घेण्यास आयोगाची मुभा आहे. सोलापूरचे विद्यापीठ स्थापन होण्याआधी, म्हणजे २००४ पूर्वी, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे नोंदणी झालेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्यासाठी कोल्हापूरशी पत्रव्यवहार विद्यापीठानेच करावा, पन्नाशीला आलेल्या माणसाला तिकडे हेलपाटे घालायला लावू नयेत.

२०२१-२२ मध्ये प्रवेश घेऊन वर्षा-दोन वर्षांत बाहेर पडलेल्यांच्या श्रेयांकांची सात वर्षांची मुदत २०२८ च्या सुमारास संपू लागेल. अशा विद्यार्थ्यांच्या याद्या महाविद्यालयांच्या दप्तरी आहेत. येत्या प्रवेशप्रक्रियेपूर्वी त्यांना किमान एक पत्र पाठवण्याचा आदेश विद्यापीठाने काढावा.

— एक निवृत्त कार्यालयीन अधीक्षक, सोलापूर