गदिमांमधला नट विसरू नका

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ग. दि. माडगूळकरांवरचा लेख मन लावून वाचला. गीतकार गदिमांविषयी भरभरून लिहिलं आहे. पण 'त्यांनी काही किरकोळ भूमिकाही केल्या' एवढ्या एका वाक्यात त्यांच्यातल्या नटाची बोळवण केली आहे. ते सलत राहिलं, म्हणून लिहितो.

गदिमा सिनेमात आले ते तोंडाला रंग लावून. मॅट्रिक हुकलेला, घरची गरिबी असलेला हा माणदेशी मुलगा १९३८ साली मास्टर विनायकांच्या 'ब्रह्मचारी'त छोट्या कामात दिसला. सिनेमासाठी गाणी लिहू लागला तो त्यानंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे दीडशेहून अधिक मराठी चित्रपटांशी नाव जोडलं गेलं, कथा-पटकथा-संवाद-गीतं सगळं लिहिलं, तरी चरित्रभूमिका त्यांनी सोडल्या नाहीत.

अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते. लहानपणी बोरी नदीच्या पात्रात लागलेल्या तंबूत वडिलांच्या मांडीवर बसून मी 'लाखाची गोष्ट' पाहिला. पडद्यावर गदिमा आले तसं वडील कानाशी म्हणाले, "गाणी लिहिणारा तो हाच बरं का." मला ते खरंच वाटेना. गाणी लिहिणारा माणूस असा चारचौघांसारखा बोलतो-चालतो?

त्या प्रश्नाचं उत्तर मला पुढे शिक्षक झाल्यावर 'गीतरामायणा'त सापडलं. १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं आणि वर्षाहून थोडा अधिक काळ आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतं झाली. त्यात कवी स्वतःच्या तोंडानं जवळजवळ बोलतच नाही. कधी कौसल्या बोलते, कधी दशरथ, कधी सुमंत, शूर्पणखा, कुंभकर्णसुद्धा. प्रत्येकाचा श्वास वेगळा, राग वेगळा. आठवड्याच्या मुदतीत हे लिहायचं तर दुसऱ्याच्या अंगात शिरायची सवयच लागते, आणि ती सवय नटाची. सुधीर फडक्यांच्या चालींचं मोल मी जराही कमी करत नाही. पण त्या चालींना उभं राहायला पात्रं आधी कागदावर तयार होती.

म्हणून एक विनंती. आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडे 'गीतरामायणा'चे कार्यक्रम पुष्कळ होतात. निवेदक राग सांगतात, ताल सांगतात. हे गीत कोण, कोणाला आणि कोणत्या घडीला म्हणतंय, हेही आधी सांगावं. आपल्या पुरवणीनंही कधी फक्त गदिमांच्या भूमिकांवर एक पान द्यावं.

शाळेत शिकवत असताना एका मुलाकडून मी भरताचं गीत बसवून घेत होतो, भरत कैकेयीला बोलतो ते. घरात अहिराणी बोलणारा मुलगा. शब्द पाठ, सूर चोख, पण गाणं कोरडं. मी त्याला सांगितलं, "तू आत्ताच आजोळहून आलास. बाप गेलाय, भाऊ वनात गेलाय, आणि हे सगळं आईमुळे झालंय. आता सांग, तू मायले काय म्हनशी?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग पेटीची वाट न बघता त्यानं पहिली ओळ उचलली. पेटीवर बसलेल्या बाईंचे हात तसेच थांबले.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अमळनेर