कॅडीला कॉलेजचा कोच होऊ द्या

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, स.न.वि.वि.

गोल्फचं नाव वाचून पत्र बाजूला ठेवू नका. पैसेवाल्यांचा खेळ, मान्य. आमच्या नाशकात तर ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की रिक्षावाला थेट क्रिकेटच्या मैदानावर नेऊन सोडतो. पण हे पत्र मेंबरांसाठी नाही, त्यांच्या बॅगा वाहणाऱ्या कॅडींसाठी आहे.

मी एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक आहे. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. चार मुलांनी गोल्फ शिकायचा हट्ट धरला, तेव्हा मला पटर आणि वेज या गोल्फच्या दोन काठ्यांतला फरकही सांगता येत नव्हता. मग मामा भेटले. उभा जन्म कॅडी म्हणून गेलेला, शिक्षण सातवी. गोल्फचं मैदान, म्हणजे कोर्स, सोमवारी मेंबरांना बंद असतो, तेव्हा ते मुलांना शिकवतात. पहिल्या दिवशी त्यांनी बॉल दिलाच नाही. गवतावर बाटलीचं बूच ठेवलं आणि म्हणाले, “हे नुसतं उडव. गवत कापताना विळ्याशी मारामारी करतोस का?” तासाभरात पोराचा खांदा सैल पडला.

त्यांच्या मानधनाचा प्रस्ताव पाठवला, तो ‘आवश्यक अर्हता नाही’ या शेऱ्यानिशी परत आला. पदव्युत्तर पदवी, ५५ टक्के, नेट हे सगळं माझ्याकडे आहे. फक्त गोल्फ येत नाही. मामांचे पैसे मी शेवटी ‘मैदान देखभाल’ या खात्यातून काढले. (ऑडिटवाल्यांनी हे वाचलं तर वाचू देत.)

अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला हार्वी पेनिक नावाचे गृहस्थ होऊन गेले. जन्म १९०४चा. आठव्या वर्षी तिथल्या कंट्री क्लबवर कॅडी म्हणून लागले आणि १९२३ साली, शाळा संपताच, त्याच क्लबचे मुख्य गोल्फ शिक्षक झाले. १९३१ ते १९६३ अशी बत्तीस वर्षं ते टेक्सास विद्यापीठाच्या गोल्फ संघाचे कोच होते. साठेक वर्षं शिकवताना जे दिसलं, ते एका लाल वहीत टिपत राहिले. फटक्याचा झोका सुधारायला तेही गवत कापायचं अवजार फिरवायला सांगत. मामांनी त्यांचं नावही ऐकलेलं नाही.

नामवंत गोल्फपटू बेन क्रेनशॉ लहानपणापासून त्यांचा शिष्य. १९९५च्या वसंतात पेनिक अंथरुणाला खिळले होते, तरी त्यांनी पडल्या पडल्या क्रेनशॉची पटिंग, म्हणजे बॉल हलकेच होलमध्ये ढकलण्याची पद्धत, दुरुस्त केली. २ एप्रिलला ते गेले. क्रेनशॉने बुधवारी गुरूला खांदा दिला, ऑगस्टाला परतला आणि रविवारी तिथली मास्टर्स ही मानाची स्पर्धा जिंकली. शेवटचा पट पडल्यावर तो तिथेच वाकून, चेहरा हातांत घेऊन रडला.

आपल्या गोल्फपटू जीव मिल्खा सिंगनेही टेक्सासच्याच एका कॉलेजात शिकताना १९९३ साली तिकडच्या कॉलेज स्पर्धांमधलं दुसऱ्या श्रेणीचं वैयक्तिक विजेतेपद मिळवलं. तिथे कॉलेजच्या गोल्फ संघाला स्वतंत्र कोच असतो. पाच जण खेळतात, चौघांचे उत्तम स्कोअर धरतात. कुणाला आज कुठल्या होलवर आवरायचं, हे कोच कोर्सवर सोबत राहून सांगू शकतो. आणि हे तर कॅडीचंच काम!

माझं मागणं मोठं नाही. अकादमी नको, कोनशिला तर नकोच. तासिका तत्त्वावर प्राध्यापक घेता, तसा कोच घेऊ द्या, आणि पदवीऐवजी मैदानावर त्याची परीक्षा घ्या. मल्लखांबाचे, कुस्तीचे कितीतरी वस्ताद याच दारात अडकलेत. हा विषय तुमच्याकडचा की उच्च शिक्षण विभागाचा, हे तुम्ही दोघांनी एकदा बसून ठरवा. माझी फाइल त्या दोन दारांमध्ये दोनदा फिरून आली आहे.

येत्या सोमवारी साडेसहाला मामा पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, असतील. या महिन्याचं व्हाउचर माझ्या खणात पडून आहे. त्यावर कामाचं स्वरूप काय लिहायचं, तेवढं कळवा.

आपला,
एक शारीरिक शिक्षण संचालक, नाशिक