गाडीचं वय बघू नका, धूर बघा

संपादक साहेब, नमस्कार.

दिल्लीतल्या १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांबद्दल २०२५ मध्ये तुमच्या पेपरात सारख्या बातम्या आल्या. १ जुलैपासनं पंपावर अशा गाड्यांना डिझेल मिळणार नाही म्हणे, मग आठवड्याभरात तो निर्णय पुढं ढकलला, मग १२ ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तूर्त नुसत्या वयावरनं मालकांवर कारवाई करू नका. असली बातमी आली की आमच्या घरातले सगळे माझ्याकडं बघून हसायचे, कारण दिल्लीनं हाकललेली असलीच एक गाडी आमच्या दारात उभी आहे. म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं. लांबलं तर कापा.

गाडी मित्सुबिशी मॉन्टेरो, ३.२ लिटर डिझेल, ऑगस्ट २००९ चं दिल्ली पासिंग. मॉन्टेरो म्हणजे पजेरोच हो. स्पॅनिशमध्ये पजेरो ही शिवी होते म्हणून त्या देशांत तिला मॉन्टेरो म्हणतात, आणि आपल्याकडं पजेरो हे नाव चेन्नईजवळच्या कारखान्यात जोडल्या जाणाऱ्या २.८ लिटरच्या गाडीला आधीच देऊन झालेलं, त्यामुळं जपानमधनं अख्खी तयार येणारी मोठी गाडी इथंही मॉन्टेरो झाली. मी कॉलेजात असताना आमच्या गावात निवडणुकीची सभा होती, त्याला एक पांढरी पजेरो आलेली. भाषण कुणाचं होतं ते आज आठवत नाही, पण सभा संपेपर्यंत मी त्या गाडीच्या चाकापाशी बसून होतो हे पक्कं आठवतंय. त्यात टीव्हीवर डकार रॅली, म्हणजे वाळवंटातली गाड्यांची शर्यत, लागायची, २००१ ते २००७ सलग सात वेळा हीच गाडी जिंकली, सगळ्या मिळून बारा वेळा. डोक्यात बसली ती बसली. आमचं ठिबकचं आणि पाइपांचं दुकान, नवी घ्यायची तर दुकान विकूनसुद्धा भागलं नसतं. आणि जपानमधनं जुनी आणावी म्हटलं तर आपल्याकडं ३ वर्षांपेक्षा जुनी गाडी आयात करता येत नाही, वर ड्युटी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. माझा मावसभाऊ टेक्सासला असतो, तो म्हणतो इकडं उलटं आहे, गाडी २५ वर्षांची झाली की खुशाल आणा. असो.

मग दिल्लीचा नियम आला. २०१५ ला एनजीटीनं, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादानं, सांगितलं १० वर्षांवरची डिझेल रस्त्यावर नको, २०१८ ला सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्का मारला, आणि तिथल्या लोकांनी धडाधड गाड्या बाहेर विकायला काढल्या. जी गाडी आपल्याकडं बघायला मिळत नव्हती ती तिथं साडेसहा लाखात! डिसेंबर २०१९ ला मी आणि माझा एक मित्र ट्रेननं गेलो. गाडी एका रिटायर्ड गृहस्थांची, त्यांनी जपलेली, पण शेवटची दोन वर्षं उभीच होती. किल्ली देताना ते गृहस्थ आत निघून गेले, परत बाहेर आलेच नाहीत, त्यांच्या मुलानंच कागद दिले. त्या दिवसांत दिल्लीची हवा अशी होती की दुपारी सूर्याकडं उघड्या डोळ्यानं बघता येत होतं आणि दोन दिवसांत माझा घसा बसला. त्यामुळं तिथल्या लोकांना गाड्या नकोशा का झाल्या हे मला पेपरातनं कळलेलं नाही, घशानं कळलंय.

दिल्लीपासनं कोल्हापूरपर्यंत एकच हायवे आहे, एनएच ४८, सरळ निघायचं आणि घरी यायचं, असा आमचा हिशोब. उदयपूरच्या अलीकडं चेक इंजिनचा दिवा लागला आणि गाडी उठेचना. ट्रक ओव्हरटेक करून जायला लागले, मागनं हॉर्न. बंद करून परत चालू केली की दहा किलोमीटर नीट, की परत तेच. असं बंद-चालू करत उरलेला हजारावर किलोमीटरचा रस्ता आम्ही कसा काढला ते त्या मित्राला विचारा, तो अजून माझ्याबरोबर लांबच्या प्रवासाला येत नाही.

इथं आल्यावर एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली, नाव घेत नाही. त्यांनी कॉम्प्युटर लावला आणि सांगितलं आख्खा डिझेल पंप बदला, वर फोर व्हीलचा हिरवा दिवा लुकलुकतोय म्हणजे पुढच्या अॅक्सलचा सेट पण गेला, एकूण पावणेचार लाख. मी गाडी तशीच बाहेर काढली आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडं नेली. मिस्त्री म्हणजे सातवी शिकलेला माणूस, पण कान असा की बॉनेट न उघडता सांगणार. त्यांनी पंपावरचा अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह काढून दाखवला, सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह म्हणतात त्याला, पंपात डिझेल किती सोडायचं ते तो ठरवतो. गाडी बरीच दिवस उभी राहिली की तो अडकायला लागतो, मग प्रेशर खालीवर होतं आणि कॉम्प्युटर घाबरून गाडीची ताकद कापतो. तेवढा व्हॉल्व्ह बदलला, पंप तोच आहे, आजतागायत. आणि हिरवा दिवा? पुढचा अॅक्सल जोडायला इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा एक पिस्टन असतो, त्याकडं जाणारा बोटाएवढा रबरी पाइप चिरला होता. ४० रुपये. मिस्त्रींनी तो तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मालक, हा जपून ठेवा, पावणेचार लाखाचा आहे." अजून माझ्या गल्ल्यात आहे.

मात्र खरं काम पुढंच होतं. हवा आत घेणारा मॅनिफोल्ड खोलला तर आत डांबर. खोटं सांगत नाही, स्क्रू ड्रायव्हर घातला तर उभा राहत होता. धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवायची यंत्रणा असते, ईजीआर, ती प्रदूषण कमी करायलाच बसवलेली, पण तीच काजळी आणि ऑइलची वाफ मिळून वर्षानुवर्षं आत थर बसतो. तीन बोटं जातील एवढं भोक एका रुपयाच्या नाण्याएवढं राहिलेलं. हवाच कमी, मग डिझेल पुरतं जळणार कसं, आणि अर्धवट जळलेलं डिझेल म्हणजेच काळा धूर. तो मॅनिफोल्ड आम्ही दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवला आणि पोरानं चमच्यानं खरवडला, बादलीभर घाण निघाली. चार इंजेक्टर पुण्याला टेस्टिंगला पाठवले, दोन गळत होते. तेवढ्यात मार्च २०२० आला, लॉकडाउन, आणि गाडी तीन महिने मिस्त्रींच्या शेडमध्ये बॉनेट उघडं टाकून पडली. वर मांजर व्यालं. मिस्त्रींनी पिल्लं मोठी होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

पार्टचं विचारू नका. कंपनीनं आपल्याकडं गाड्या विकायचं बंद केलं, डीलर एकेक करून मिटले. काही सामान दिल्लीच्या काश्मीरी गेटवरनं आलं, काही दुबईहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या बॅगेतनं. खालच्या आर्मचे बुश कुठंच मिळेनात, शेवटी उद्यमनगरातच लेथवर बाहेरचं लोखंडी कवच काढून घेतलं आणि रबर दुसरीकडं भरून घेतलं, पाच वर्षं झाली, आवाज नाही. कोल्हापुरात काय बनत नाही हो, फक्त नमुना आणून द्या. नाद खुळा काम आहे. सगळं मिळून चार लाख दहा हजार गेले, गाडीचे साडेसहा लाख सोडून. बायकोला आकडा सांगितला नव्हता, आज पेपरात छापून आला तर कळेल.

आता मुद्द्यावर येतो. दुरुस्तीच्या आधी मी मुद्दाम पीयूसी काढली होती. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धूर मोजतात, त्यात के व्हॅल्यू नावाचा आकडा येतो, माझ्या गाडीच्या काळातल्या डिझेलला मर्यादा २.४५. आली २.३१. म्हणजे पास! मागं उभ्या असलेल्या माणसाचा शर्ट काळा झाला, पण पास. मॅनिफोल्ड, इंजेक्टर, व्हॉल्व्ह सगळं झाल्यावर तीच गाडी, तेच मशीन, आकडा आला ०.८४. आता मला सांगा, या मधल्या काळात गाडीचं वय काय कमी झालं का? वाढलंच की वर्षभरानं. धूर वयावर नाही, आतल्या डांबरावर आहे. दहाव्या वर्षी चांगली ठेवलेली गाडी दिल्लीबाहेर काढायची आणि पाचव्या वर्षी काळा धूर ओकणारी तिथंच फिरू द्यायची, यात हवा कुठं आली? आणि बाहेर काढली म्हणजे गेली कुठं, तर आमच्याकडं आली. आमच्या हवेची कुणाला काळजी होती तेव्हा.

हां, पीयूसी सुद्धा कशी निघते ते मला माहीत आहे. एका ठिकाणी तर नळी सायलेन्सरला न लावताच स्लिप देत होते, मी म्हटलं लावा की राव, तर माणूस माझ्याकडंच संशयानं बघायला लागला. त्यामुळं उद्या कुणी म्हटलं की धूर मोजण्यावर भरवसा नाही म्हणून वय धरतो, तर त्यात तथ्य आहे हे मी मान्य करतो. पण मग मोजणी सुधारा ना. माणसाचा हात न लागता कॉम्प्युटरवर टेस्ट करणारी सेंटर सरकार उभी करतंयच, तिथं खाजगी गाड्या पण न्या, धूर, ब्रेक, स्टिअरिंग सगळं बघा आणि जी नापास ती खुशाल भंगारात घाला. माझी असली तरी. मी स्वतः नेऊन घालतो.

दुसरं आहे ते फीचं. ऑगस्ट २०२४ ला माझ्या गाडीला १५ वर्षं झाली, रजिस्ट्रेशन ५ वर्षांसाठी वाढवायचं होतं. ऑफिसातल्या लोकांबद्दल तक्रार नाही, साहेबांनी गाडी नीट तपासली, वाकून खालनं बघितली, चेसिस नंबर घासून घेतला, काम चार दिवसांत झालं. पण खिडकीवर आरसी बघून विचारलं, इम्पोर्टेड आहे ना? मग ४० हजार. माझ्या पुढं रांगेत होते त्यांची २००९ चीच देशी डिझेल एसयूव्ही, तेच बीएस-३ इंजिन, म्हणजे प्रदूषणाचा सरकारी दर्जा तोच, त्यांना ५ हजार. एप्रिल २०२२ पासनं हे दर आहेत, त्याआधी देशीला नुसते ६०० होते. पर्यावरण कर वेगळा. आता ऑगस्ट २०२५ मध्ये नवीन निघालंय की २० वर्षांवरची गाडी असेल तर साधीला १० हजार आणि इम्पोर्टेडला ८० हजार. मला एवढंच कळत नाही की जपानमधनं आलेला धूर जास्त काळा असतो का? तपासायला साहेबांना जास्त वाकावं लागतं का? नवीन इम्पोर्टेड घेणारा करोडपती असतो हे मान्य, त्याच्याकडनं घ्या की, घेताच आहात, महाराष्ट्रात त्याला २० टक्के टॅक्स आहेच. पण १५ वर्षांनी ती गाडी तिसऱ्या नाहीतर चौथ्या हातात असते, आणि तो हात बहुतेक माझ्यासारख्याचा असतो, ज्याच्या नखात अजून ग्रीस आहे.

आमचे आण्णा म्हणतात, हौस तुझी, मग रडतोस कशाला. बरोबर आहे. गाडी शहरात मी नेतच नाही, पार्किंगला जागा नसते आणि लिटरला आठ-नऊच्या वर देत नाही. महिन्यातनं दोनदा काढतो, पावसाळ्यात राधानगरी, दाजीपूर, कधी आंबोली. गेल्या वर्षी जुलैत ओढ्याच्या पलीकडं एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चिखलात गेला होता, लिव्हर लो गिअरमध्ये टाकून मधला डिफरन्शियल लॉक केला आणि दोर लावून हळूहळू बाहेर ओढला. तो शेतकरी गाडीकडं बघत म्हणाला, आमदाराची का काय ही? मला सभेतली ती पांढरी पजेरो आठवली, काही बोललो नाही, नुसता हसलो.

तर संपादक साहेब, परिवहन खात्याच्या कुणा अधिकाऱ्यानं हे वाचलं तर एवढंच बघावं की फी गाडीच्या धुरावर लावता येईल का, १.० च्या आत आला तर कमी, वर गेला तर दुप्पट, मग गाडी कोल्हापूरची असो नाहीतर जपानची. म्हणजे चार लाख दहा हजार खर्चणाऱ्या माणसाला घरी सांगायला काहीतरी कारण तरी होईल. माझ्या गाडीला २० वर्षं ऑगस्ट २०२९ ला होतायत. घरच्यांनी त्या ८० हजारांसाठी आत्तापासनंच भिशी लावलीय, माझ्या नावावर, आणि हप्ता दुकानातनं नाही, माझ्या चहापाण्याच्या पैशातनं कापला जातो.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर जिल्हा